छत्रपती शाहू महाराज : रणछायेतले बालपण



शाहू महाराज हे नाव उच्चारताच आपल्या निपाणी-बेळगाव भागातील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते कोल्हापूरचे राजर्षी. ते स्वाभाविकच आहे. परंतु आज आम्ही ज्यांची जीवनकथा सांगणार आहोत ते त्यांच्याही सुमारे दोनशे वर्षे आधी होऊन गेलेले सातारचे शाहू महाराज, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचे नातू आणि छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला चार-सहा ओळी येतात. १६८९ मध्ये ते मोगलांच्या हाती सापडले आणि १७०७ मध्ये सुटले, असे एक वाक्य असते. त्या एका वाक्यात अठरा वर्षे दडलेली आहेत. इतिहास शिकवताना आम्हीही ते वाक्य अनेकदा घाईघाईने ओलांडले आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

एकदा मात्र आम्हाला थांबावे लागले. वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले की, त्या अठरा वर्षांत शाहू महाराज कोठल्या शाळेत जात होते? वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण विचारणाऱ्या मुलाचे वडील सैन्यात होते, सीमेवर तणाव होता आणि चार दिवस त्या मुलाचे धड्याकडे लक्ष नव्हते. त्या वेळी त्याला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिराने दिलेले उत्तर होय.

शाहू महाराजांचा जन्म १८ मे १६८२ रोजी कोकणात माणगावनजीक गांगवली येथे झाला. आजोबांच्या नावावरून त्यांचे नाव शिवाजी असे ठेवण्यात आले होते. शाहू हे नाव औरंगजेब बादशहाने दिले, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या जन्माचे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आदल्याच वर्षी, १६८१ च्या अखेरीस, बादशहा प्रचंड सैन्यासह नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरला होता. जे युद्ध त्याने आरंभिले ते त्याच्या मृत्यूपर्यंत, १७०७ पर्यंत संपले नाही. म्हणजे हे मूल आणि हे युद्ध जवळजवळ एकाच वयाचे. आपण शांततेच्या काळात जन्मलो तर युद्ध ही मध्येच आलेली आपत्ती वाटते. या बालकाने युद्धाविना असलेला दिवस कसा असतो, हे पाहिलेच नव्हते.

तो काळ आपल्या मुलुखालाही चुकला नाही. विजापूरची आदिलशाही १६८६ मध्ये बुडाली. त्यानंतर बेळगावचा किल्ला मोगलांकडे गेला आणि त्याचे नाव आझमनगर झाले. पन्हाळगडही १७०१ मध्ये मोगलांना मिळाला. ज्या वाटांनी आज आपण शाळेला येतो त्याच प्रदेशातून एकदा या पक्षाचे तर एकदा त्या पक्षाचे घोडे धावत होते. त्या काळी सरकारी शाळा नव्हत्या. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या ओसरीवर पंतोजी मुले जमवीत, धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, पाढे पाठ करून घेत आणि पुढे मोडी वळण शिकवीत. अशी शाळा चालण्यासाठी फारसे काही लागत नाही. गाव एका जागी असावा आणि उद्याचा दिवस आजच्यासारखा उजाडेल याचा भरवसा असावा, एवढे पुरे होते. सैन्याची चाहूल लागताच गाव रानात पळाला की धूळपाटी ओसरीवरच राही. पंचवीस वर्षांत एक पिढी बालपणातून प्रौढपणात जाते. त्या पिढीतील किती मुलांची अक्षरे अर्ध्यावर सुटली असतील, याची मोजदाद कोणीच ठेवली नाही. शाहू महाराजांची हकीकत राजपुत्राची म्हणून टिकली. तिच्यातून त्या नाव नसलेल्या मुलांकडेही पाहता येते.

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांचा वध झाला. त्या वेळी त्यांचा पुत्र सात वर्षांचाही झालेला नव्हता. लवकरच झुल्फिकारखानाने, ज्याला त्या वेळी इतिकादखान म्हणत, रायगडाला वेढा घातला. महाराणी येसूबाईंनी या प्रसंगी जो निर्णय घेतला तो इतिहासात अजोड आहे. सगळे राजकुल एकाच गडावर अडकून पडू नये म्हणून त्यांनी दीर राजाराम महाराजांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. राजाराम महाराज निसटले, पुढे दूर जिंजीला पोहोचले आणि राज्य वाचले. रायगड मात्र १६८९ च्या नोव्हेंबरमध्ये पडला, आणि माता-पुत्र शत्रूच्या छावणीत दाखल झाले. सुमारे नऊ महिन्यांत त्या मुलाने वडील गमावले, घर गमावले आणि ज्यांना तो ओळखत होता अशी बहुतेक माणसे गमावली.

बादशहाने त्याला राजा हा किताब व सात हजारांची मनसब दिली. कागदावर तो मोठा सरदार होता. प्रत्यक्षात बादशहाच्या डेऱ्यांच्या परिसरात नजरकैदेत वाढणारा एक मुलगा होता. छावणी हेच त्याचे गाव झाले. ही छावणी वर्षानुवर्षे भीमा व कृष्णा यांच्या खोऱ्यांत फिरत राहिली. आजच्या बागलकोट जिल्ह्यातील कृष्णाकाठचे गलगले आणि भीमेकाठची ब्रह्मपुरी येथे तिचे दीर्घकाळ मुक्काम पडले. आपल्या वेदगंगेचे पाणी दूधगंगेतून कृष्णेला मिळते आणि पुढे त्याच गलगल्यावरून वाहत जाते. हा प्रसंग आपल्यापासून तेवढाच जवळ आहे.

त्या छावणीचे वर्णन भीमसेन सक्सेना या मोगलांच्याच चाकरीतील एका लेखकाने केले आहे. त्यात त्याने एक मोठी हृदयद्रावक गोष्ट नोंदविली आहे. छावणीत जन्मलेली मुले छावणीतच वाढली, म्हातारी झाली आणि घर म्हणजे काय हे न पाहताच मरून गेली. माणसाला राहण्यास तंबूखेरीज दुसरा आसरा असतो, हेच त्यांना ठाऊक नव्हते. हे वर्णन जिंकायला आलेल्या पक्षाच्या मुलांचे आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लांबलेले युद्ध जिंकणाऱ्याच्या आणि हरणाऱ्याच्या लेकरांत भेद करीत नाही.

अशा ठिकाणी शाहू महाराजांचे शिक्षण कसे झाले? क्रमवार शिक्षण झाले नाही, असेच म्हणावे लागते. ज्या वयात शिवाजी महाराज जिजाबाईंच्या देखरेखीखाली सह्याद्रीच्या कडेकपारीत हिंडत होते, गडांची व माणसांची पारख शिकत होते, त्या वयात त्यांच्या नातवाला पहाऱ्याबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती. त्याला शिकार आवडे, घोडा त्याला येई, दरबारी रीतीभाती त्याने पाहून पाहून आत्मसात केल्या. परंतु राज्य चालविण्याचे शिक्षण राज्य चालताना पाहूनच मिळते, आणि ते पाहण्याची संधीच त्याला नव्हती. दरबाराची भाषा फार्सी, छावणीतली बोली हिंदुस्थानी. या कोलाहलात त्याची मराठी टिकली ती आईच्या तोंडून आणि जोत्याजी केसरकर, उद्धव योगदेव यांच्यासारख्या निष्ठावंत सोबत्यांच्या सहवासातून. आमची स्वतःची मातृभाषा कोकणी. शाळेत आम्ही मराठी शिकलो, पण भीती वाटली की आजही ओठांवर कोकणीच येते. म्हणून परक्या तळावर त्या मुलाला आईची भाषा म्हणजे काय आधार असेल, याची थोडी कल्पना आम्ही करू शकतो.

त्याच्या मनाची अवस्था कशी होती, हे सांगणारे कागद थोडे आहेत. परंतु एक नोंद बोलकी आहे. सन १७०० च्या सुमारास या तरुण राजाचा चेहरा पिवळा पडलेला बादशहाच्या नजरेस आला. चौकशी करता कळले की तो शिजवलेले अन्न घेतच नाही, कैदेत असेतोवर मिठाई व फळे यांवरच राहतो. बादशहाने त्याला निरोप धाडला की तू कैदेत नसून आपल्याच घरी आहेस. हा निरोप ऐकून त्या अठरा वर्षांच्या मुलाला काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेवले नाही. ज्याच्या हाती काहीच उरले नाही तो निदान आपल्या ताटावर तरी आपली सत्ता ठेवतो. मनातले दुःख शब्दांत मांडता आले नाही की ते शरीरावर उमटते, हे आजचे डॉक्टर सांगतात. दीर्घ युद्धातून आलेल्या मुलांमध्ये झोप उडणे, अन्न न जाणे, दचकणे, अबोल होणे, शिकलेले विसरणे ही लक्षणे जगभर दिसून आली आहेत.

याहूनही कठीण प्रसंग पुढे १७०३ च्या सुमारास आला. शाहू महाराजांनी धर्मांतर करावे, असा आग्रह बादशहाने धरला. त्यांनी ते मानले नाही. तेव्हा त्यांच्याऐवजी खंडेराव व जगजीवन या गुजर बंधूंनी धर्मांतर स्वीकारले, असे इतिहासकार सांगतात. हे दोघे सरनोबत प्रतापराव गुजर यांचे पुत्र. आपल्यापासून दूर नसलेल्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत १६७४ मध्ये प्रतापरावांनी देह ठेवला, हे तुम्ही शिकलाच आहात. वडिलांनी आजोबांसाठी प्राण दिले आणि मुलांनी नातवासाठी आपला धर्म दिला. आपल्यासाठी दुसऱ्याने एवढे मोल दिले, हे ओझे घेऊन पुढचे आयुष्य जगावयाचे होते.

आता प्रश्न असा उभा राहतो की एवढे सारे सोसूनही हा मुलगा मनाने मोडला कसा नाही? आमच्या मते याचे उत्तर त्याच्या भोवतीच्या तीन-चार माणसांत आहे. सर्वांत प्रथम आई. पतीचा वध व राज्यावरील घाला पाहिलेल्या येसूबाईंनी मुलाची साथ एक दिवसही सोडली नाही. दुसरी व्यक्ती अनपेक्षित आहे. बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने या माता-पुत्रांवर माया केली व शत्रूच्या गोटात त्यांना आधार दिला. शाहू महाराजांनी तिची आठवण जन्मभर आदराने बाळगली. तिसरे, केसरकरांसारखे सोबती, जे काही लाभ नसताना जवळ राहिले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना अ‍ॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषींनी मुलांसाठी बालगृहे चालविली. त्यांना असे आढळले की बॉम्बच्या आवाजापेक्षाही आईपासून झालेली ताटातूट लहान मुलांच्या मनाला अधिक बाधते. जे ज्ञान विसाव्या शतकात निरीक्षणाने मिळाले ते येसूबाईंना बहुधा आईपणानेच उमगले असावे.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगर येथे मरण पावला. त्याचा पुत्र आझमशहा उत्तरेकडे निघाला आणि वाटेत, भोपाळजवळ दोराहा येथे, मे महिन्यात शाहू महाराजांची सुटका झाली. ते पंचवीस वर्षांचे होते. परंतु येसूबाई व इतर कुटुंबीय ओलीस म्हणून मागेच राहिले. येसूबाई परतल्या त्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या दिल्लीच्या मोहिमेनंतर. मुलाची कैद अठरा वर्षांची, तर आईची सुमारे तीस वर्षांची होती.

घरी परतण्याचे सुखही साधे नव्हते. ज्या राज्यासाठी ते कैदेत राहिले ते राज्य आता महाराणी ताराबाई आपल्या पुत्राच्या नावाने सांभाळीत होत्या. आलेली व्यक्ती खरा शाहू नसून तोतया आहे, असा पुकारा झाला. तेव्हा परसोजी भोसले यांनी त्यांच्याबरोबर एका ताटात जेवून ते खरे असल्याची ग्वाही दिली, असे सांगतात. युद्धाने लहानपणी पळविलेले मूल मोठे होऊन परत येते आणि आपलीच माणसे त्याला विचारतात की तू कोण, याहून दुःखद काय असू शकेल? पुढे खेडची लढाई झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला.

या परतीच्या वाटेवरील एक प्रसंग आम्हाला त्यांच्या सर्व विजयांहून मोठा वाटतो. मराठवाड्यातील पारद येथे गावच्या लोखंडे पाटलांनी त्यांना विरोध केला आणि चकमकीत पाटील मारले गेले. पाटलांची विधवा आपले लहान मूल घेऊन आली आणि तिने ते शाहू महाराजांच्या पायांवर घातले. वास्तविक ते शत्रूचे मूल. परंतु युद्धाने पोरका केलेला मुलगा कसा असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांनी त्याला आपलेसे केले, फत्तेसिंह हे नाव दिले, भोसले हे आपले आडनाव दिले आणि पुत्राप्रमाणे वाढविले. अक्कलकोटच्या राजघराण्याचे हे मूळ पुरुष होत. सात वर्षांच्या वयात जे आपल्या वाट्याला आले त्याची परतफेड त्यांनी सूडाने केली नाही. बेगमेने जे त्यांच्यासाठी केले तेच त्यांनी दुसऱ्यासाठी केले.

शाहू महाराजांनी सुमारे एक्केचाळीस वर्षे राज्य केले. त्यांच्या कारकिर्दीत मराठ्यांची सत्ता माळवा, गुजरात व बुंदेलखंडापर्यंत पसरली. माणसांची निवड करणे आणि निवडलेल्यावर विश्वास टाकणे हा त्यांचा मोठा गुण. बाळाजी विश्वनाथ व पहिले बाजीराव हे त्या विश्वासाचेच फळ. चुलतभाऊ कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्याशी १७३१ मध्ये वारणेचा तह करून त्यांनी घरातील कलह मिटविला. वारणेच्या दक्षिणेचा, म्हणजे आपला हा मुलूख, त्या तहाने कोल्हापूरकडे राहिला. ज्यांनी त्यांना तोतया ठरविले होते त्या ताराबाईंनाही त्यांनी साताऱ्यास मानाने ठेवले.

परंतु चरित्र लिहिताना गुणांबरोबर उणिवाही सांगाव्या लागतात. मिरजेच्या मोहिमेसारखे अपवाद सोडले तर ते स्वतः रणांगणावर क्वचितच गेले. कारभार हळूहळू पेशव्यांच्या हाती गेला. सुटकेनंतर त्यांनी खुलताबादला जाऊन औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले, आणि बादशाही तख्ताविषयीचा आदर जन्मभर सोडला नाही, याबद्दलही त्यांना बोल लावला जातो. आम्हाला मात्र हा बोल लावताना जीभ अडखळते. ज्या हाताने बाप हिरावला त्याच हाताच्या छायेत जे मूल सात ते पंचवीस वर्षांपर्यंत वाढले, त्याच्या मनात राग, भय, कृतज्ञता व आदर यांचा किती गुंता झाला असेल! हा गुंता त्याच्या स्वभावाचा दोष नव्हता. युद्धाने त्याच्यावर केलेली ती जखम होती. राज्याभिषेकाने ती भरून आली नाही, कारण गेलेले बालपण कोणताही मुकुट परत देत नाही.

प्रौढपणी त्यांना मुक्या प्राण्यांचा फार लळा होता. त्यांच्या आवडत्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीस आजही दाखवितात. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास त्यांचे निधन झाले. त्यांची समाधीही कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीसच आहे. ज्या कृष्णेच्या काठी कैदेत दिवस काढले तिच्याच काठी त्यांनी विसावा घेतला.

ही तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून आधी रशियाच्या अंतर्भागात हद्दपार झालेले आणि मग देशोदेशी भटकलेले सुमारे पाच हजार निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले होते. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. त्या वसाहतीत त्यांनी मुलांसाठी आपल्या भाषेतील शाळा सुरू केल्या. सर्वस्व गमावलेल्या माणसांनाही शाळा हवीच होती, ही गोष्ट शिक्षक या नात्याने आम्हाला फार मोलाची वाटते. घंटा ठरल्या वेळी वाजते, गुरुजी ठरल्या वेळी येतात, कालचा धडा आज पुढे चालू होतो, एवढ्यानेही भ्यालेल्या मुलाला जग पुन्हा भरवशाचे वाटू लागते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. बाळ, शाहू महाराज कोणत्याही शाळेत गेले नाहीत. त्यांची शाळा युद्धाने हिरावून घेतली. आई, एक परकी बेगम आणि काही इमानी सोबती, एवढीच त्यांची शाळा होती, आणि तिने त्यांना जे एक शिकविले ते त्यांनी पारदच्या त्या पोरक्या मुलाला दिले. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि या भागातील कित्येक घरांतून कोणी ना कोणी सीमेवर उभे आहे. तेव्हा वर्गात एखादा सोबती गप्प बसलेला दिसला, त्याचा डबा तसाच राहिला, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि घरी जाताना त्याला आजचा धडा समजावून सांगा.